एक कढई, एक खिडकी आणि रेकॉर्डच्या दोन बाजू

कांदा मंद आचेवर गडद तांबूस होईपर्यंत परतायला ४० ते ४५ मिनिटं लागतात. ज्या पाककृतींत ‘दहा मिनिटं परता’ असं लिहिलेलं असतं, त्यांतला कांदा फार तर मऊ आणि पिवळसर होतो, त्याला गोडवा येत नाही. या पाऊण तासात कढईपासून लांब जाता येत नाही आणि सारखं ढवळत राहिलं तरी काम बिघडतं. अशा वेळी घड्याळापेक्षा जुना हिप-हॉप अल्बम जास्त उपयोगी पडतो. बारा इंची रेकॉर्डची एक बाजू साधारण २० मिनिटांची असते, म्हणजे दोन बाजू संपेपर्यंत कांदा जवळजवळ तयार. आणि एवढ्या कष्टाने आणलेला तो रंग टिपायचा, तर त्याचा फोटोही नीट यायला हवा.

तिन्ही कामं एकाच बैठकीत होतात, फक्त क्रम उलटा ठेवायचा. फोटोची तयारी सगळ्यात आधी.

फोटोची जागा, आच पेटवण्याआधी

परतलेला कांदा बशीत काढल्यावर त्याची चकाकी तीन-चार मिनिटंच टिकते. लोणी वापरलं असेल तर ते गार होऊन थिजतं, तेल असेल तर ब्रेडमध्ये मुरतं. त्या वेळी जागा शोधत बसलात की फोटो हातचा गेला.

थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. ऊन येत असेलच तर काचेवर बटर पेपर किंवा पातळ पांढरं कापड लावा. ढगाळ दिवस उत्तम. टेबल खिडकीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर ठेवा आणि घरातले सगळे दिवे बंद करा. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा: पिवळा दिवा साधारण २७०० केल्विनचा असतो, दिवसाचा उजेड ५५०० किंवा त्याहून वरचा. कॅमेरा एका वेळी एकाच उजेडाशी पांढरा रंग जुळवू शकतो. मग कांद्याची एक बाजू भगवी दिसते, दुसरी निळसर-राखाडी, आणि ते नंतर दुरुस्त करता करता नाकीनऊ येतात.

तपकिरी पदार्थ कॅमेऱ्यासाठी सगळ्यात अवघड. समोरून उजेड पडला, किंवा फ्लॅश मारला, की तपकिरी रंग सपाट होतो आणि बशीत चिखल ठेवल्यासारखा दिसतो. त्याला उजेड मागून आणि बाजूने हवा. बशीला घड्याळ समजा. कॅमेरा सहाच्या आकड्यावर असेल तर खिडकी दहावर किंवा दोनवर यायला हवी. या कोनातून कांद्याच्या प्रत्येक ओल्या कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटते आणि एकेक तंतू वेगळा दिसतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, बशीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर, पांढरा पुठ्ठा उभा करा. तो जवळ आणाल तशी सावली उजळते, लांब नेलात की गडद होते. सावली आणखी गडद हवी असेल तर तिथेच काळा पुठ्ठा ठेवा.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली एका ढोबळ्या मिरचीचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्यात मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवलेली होती. वरून येणारा उजेड नरसाळ्याच्या आतल्या भिंतींवरून मिरचीच्या अंगावर सगळीकडून परततो, म्हणून तिचा प्रत्येक उंचवटा गोल, भरीव दिसतो. ही युक्ती घरात सहज जमते. कांद्याच्या ढिगामागे, फ्रेमच्या बाहेर, स्टीलचं भांडं जरासं तिरकं ठेवून पाहा. त्याची वक्र बाजू सावलीत उजेडाचा एक मऊ पट्टा टाकते.

बशी लहान घ्या, २० सेंटिमीटरच्या आतली, आणि चकचकीत नको. चकचकीत बशीत खिडकीचं पांढरं प्रतिबिंब पडतं आणि नजर तिथेच अडकते. आता त्याच बशीत ब्रेडचा तुकडा आणि त्यावर मूठभर कच्चा कांदा ठेवून सगळी जुळवाजुळव करून घ्या. फोनवर असाल तर आधी लेन्स पुसा, कारण स्वयंपाकघरातल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर हमखास असतो आणि तो फोटोत धुकं बनून उतरतो. मग २x निवडा आणि थोडं मागे सरका. रुंद लेन्सने जवळून घेतला की बशीचा पुढचा काठ फुगतो. कॅमेरा असेल तर ५० मिमी लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ४ ते ५.६. एफ २ च्या खाली गेलात तर कांद्याचा एक तंतू स्पष्ट येईल आणि बाकी सगळं विरघळून जाईल. बशी जिथे ठेवली तिथे टेबलावर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून खूण करा.

कांदा

एक किलो कांदा, म्हणजे मध्यम आकाराचे सहा-सात. ३० ग्रॅम तेल, किंवा अर्धं तेल अर्धं लोणी. मीठ ५ ग्रॅम, सपाट चहाचा चमचाभर. कढई किंवा तवा जड बुडाचा आणि पसरट, २८ ते ३० सेंटिमीटरचा. लहान भांड्यात कांद्याचा थर जाड होतो, खालची वाफ वरच्या थरात अडकते आणि कांदा परतण्याऐवजी उकडतो.

कांदा देठापासून मुळाकडे, उभा चिरा. जाडी ३ मिलिमीटर. आडव्या चकत्या केल्या तर तंतू कापले जातात आणि शेवटी लगदा होतो. फोटोत तर हा फरक फारच जाणवतो. उभ्या कापांचे वळणदार धागे दिसतात, आडव्यांचा नुसता गोळा.

तेल तापलं की कांदा आणि मीठ घालून हलवा, झाकण ठेवा आणि सुई रेकॉर्डवर टेकवा.

पहिली १० मिनिटं मध्यम आच, झाकण बंद. दोनदा हलवलं तरी पुरे. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, आणि कांद्यात जवळपास ९० टक्के पाणीच असतं. मग झाकण काढा. पुढची १० मिनिटं हे पाणी उडवण्याची. इथे बरेच जण धीर सोडतात, कारण रंग बदलतच नाही. बदलणारही नाही. कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि साखर व प्रथिनं मिळून जो तपकिरी रंग तयार होतो तो १४० अंशांच्या आसपास जोर धरतो. आच वाढवून ही पायरी थोडी लवकर उरकता येते, पण पाणी आटताक्षणी आच मंद करायला विसरलात तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चटच राहतो.

पाणी आटल्याचं डोळ्यांआधी कानांना कळतं. पाणी असताना एकसारखा जाड ‘सूऽऽ’ येतो. ते संपलं की आवाज बारीक होतो आणि तुटक तडतड सुरू होते. तीच खूण. आच मंद करा. रेकॉर्डची पहिली बाजूही आता संपत आलेली असेल.

कोणता अल्बम, किती आवाज

न्यूयॉर्कचा रॅपर नास याचा ‘इलमॅटिक’, १९९४. दहा ट्रॅक, एकूण सुमारे ४० मिनिटं, म्हणजे या कामासाठी बेतून घेतल्यासारखा. सीडीच्या काळातले अनेक रॅप अल्बम तासाभराचे आणि मधेमधे संवादांनी भरलेले आहेत. ऐकायला छान, पण कढईशेजारी घड्याळ म्हणून निरुपयोगी.

आवाज एवढाच ठेवा की कढईची तडतड ऐकू येईल. बासचा त्रास नाही, तो खालच्या पट्टीत असतो. अडचण हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या संचातल्या झांजेची. ती टिकटिक आणि तेलाची तडतड एकाच पट्टीत येतात आणि एकीत दुसरी बुडते. स्पीकर कढईच्या विरुद्ध बाजूला ठेवला की दोन्ही वेगळे ऐकू येतात. टर्नटेबल मात्र स्वयंपाकघरात आणू नका. तेलाची वाफ रेकॉर्डवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि सुई तो चिकट गोळा खाचेतून ओढत नेते. शेजारच्या खोलीत ठेवा, दार उघडं असू द्या आणि बाजू बदलण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. टर्नटेबल नसेल तर फोनवर लावा, फक्त ट्रॅकचा क्रम बदलू नका आणि दोन गाण्यांची एकमेकांत सरमिसळ करणारी सोय बंद ठेवा.

दुसरी बाजू

त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या बीट्सचा वेग बहुतेकदा मिनिटाला ८५ ते ९५ ठोक्यांचा. ९० धरला तर चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो. सोळा बारचा व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, साधारण ४३ सेकंदांत संपतो, आठ बारचा हुक, म्हणजे परत परत येणारं धृपद, २१ सेकंदांत. दोन्ही मिळून मिनिटाला चार सेकंद वर. मंद आचेवर कांदा परतायला नेमकं हेच अंतर लागतं.

व्हर्स चालू असताना कांद्याला हात लावू नका. तळाला टेकलेले तंतू त्या वेळात तपकिरी होतात. हुक लागला की कलथ्याने तळापासून खरवडून सगळं उलटंपालटं करा आणि पुन्हा पसरा. व्हर्समध्येही ढवळत राहिलात तर कुठलाच तंतू तळाशी पुरेसा वेळ टिकत नाही, रंग यायला तास लागतो. दोन हुकांपर्यंत थांबलात तर तळाचा थर काळा पडतो.

तळाला चिकटणारा तपकिरी थर हीच खरी चव. तो गडद मधासारखा झाला की दोन मोठे चमचे पाणी घालून खरवडा. पाणी फसफसून उठतं, थर सुटतो आणि कांदा एका क्षणात एक छटा गडद होतो. दुसऱ्या बाजूत असं तीनदा करावं लागतं. थर काळा झाला असेल तर मात्र पाणी घालू नका, कडवटपणा सगळ्या कांद्यात उतरेल. वरचा कांदा अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. तेवढाच वाचतो. नॉनस्टिकमध्ये हा थर धरतच नाही, म्हणून त्यातला कांदा मऊ झाला तरी फिका लागतो.

घाई असेल तर किलोला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालतात. रंग झपाट्याने येतो, कारण सोड्यामुळे ही प्रक्रिया वेग घेते. पण तंतूही विरघळतात. सूपसाठी चालेल, फोटोसाठी नाही.

शेवटी एक किलोचा साधारण पाव किलो उरतो. रंग हवा त्यापेक्षा किंचित फिका असतानाच आच बंद करा, कारण जड बुडाच्या कढईत तो पुढची दोन मिनिटं गडद होतच राहतो.

एका गाण्याएवढा वेळ

ब्रेड आधीच भाजून ठेवा. कांदा चमच्याने थापू नका. चिमट्याने किंवा काट्याने उचलून वरून अलगद सोडा, म्हणजे ढिगाला उंची आणि मधे पोकळी राहते. उजेड त्या पोकळीतून आरपार जातो आणि कडेचे तंतू काचेसारखे दिसतात. बशी चिकटपट्टीच्या खुणेवर ठेवा.

कॅमेरा टेबलाशी ३० ते ४५ अंशांत. सरळ वरून घेतलात तर ढिगाची उंची हरवते. फोनवर कांद्याच्या पुढच्या कडेवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा, उणे ०.३ ते ०.७. चकाकणारे ठिपके पांढरे फटक पडले तर नंतर काही करता येत नाही. सावल्या उजळता येतात. वाफ दिसायला हवी असेल तर तिच्यामागे गडद पार्श्वभूमी आणि मागून उजेड दोन्ही लागतात, शटर १/१२५ किंवा वेगवान ठेवा आणि पंखा बंद करा. लेन्सची काच वाफेने धुकट झाली तर पुसत बसू नका, पुन्हा धुकं धरेल. ती खोलीच्या हवेशी जुळेपर्यंत थांबा.

पहिले दोन फोटो पूर्ण बशीचे घ्या, मग जवळ जा. जवळून काय टिपायचं, ते जुन्या हिप-हॉपकडून शिका. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमधला तुकडा (सॅम्पल) साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, सगळा मिळून १० सेकंदांचाच आवाज मावायचा. निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर वाजवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पुन्हा मंद करायचे, म्हणजे १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचं संगीत बसायचं. त्याने आवाज जाडाभरडा झाला आणि तोच त्या काळाचा आवाज ठरला. एवढ्या जागेत अख्खं गाणं घेता येत नाही, नेमका कोणता तुकडा हवा ते आधी कानाने शोधावं लागतं. फ्रेममध्येही तसंच शोधा. तीन-चार तंतू एकमेकांवरून वळलेले, एका कडेवर उजेड, खाली ब्रेडचा करपट काठ. त्यातली एकच जागा निवडा, पाच फोटो घ्या, दर वेळी पुठ्ठा थोडा सरकवून.

दुरुस्ती करताना रंगांची तीव्रता वाढवू नका, तपकिरी लगेच भगवा होतो. पांढरा रंग बशीवरून जुळवा, सावल्या थोड्या उचला, बस.

उरलेला कांदा झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका घरात मोठा चमचाभर भरून गोठवा आणि मग पिशवीत काढून ठेवा. फोटोतला ब्रेड गार व्हायच्या आत खाऊन टाका, आणि रेकॉर्ड पाकिटात घालण्याआधी ब्रशने पुसा.