मुलांचं इंग्रजी: फोनमध्ये काय ठेवायचं, काय उडवायचं

नवीन देशात घर लागलं, मुलांची नावं शाळेत घातली, की आई-बापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंग्रजीसाठी कुठलं ॲप घेऊ?" आम्ही आलो तेव्हा मीही हेच दहा जणांना विचारलं आणि दहाही उत्तरं फोनमध्ये भरली. महिन्याभरात लेकीला झेब्रा, पेंग्विन, ऑक्टोपस सगळं यायला लागलं. मग एक दिवस ती शाळेतून रडत आली. बाथरूमला जायचंय हे बाईंना कसं सांगायचं, तेवढंच तिला येत नव्हतं. त्या रात्री दहापैकी आठ ॲप उडवली.

म्हणून मला यादी मागू नका. मुलाचं नेमकं कुठे अडतंय ते आधी बघा आणि त्या अडचणीपुरतं एक साधन घ्या. ती अडचण संपली की ते काढून टाका.

सुरुवातीला बहुतेकांचं अडतं ते बोलण्यावर. मूल वर्गात कित्येक आठवडे, कधी काही महिने तोंडच उघडत नाही. भाषा शिकवणारे याला 'सायलेंट पीरियड' म्हणतात आणि नव्या भाषेत येऊन पडलेल्या बऱ्याच मुलांना तो येतो. मूल तेव्हा कानाने काम करत असतं. "बोल की, बोल की" म्हणून त्याच्या मागे लागू नका, ऐकायला द्या. ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्नइंग्लिश किड्स'वर छोटी गाणी आणि गोष्टी आहेत, शब्द समोर दिसतात, छापून घ्यायचे कागदही मिळतात. रोज नवं गाणं नको. एकच गाणं आठवडाभर लावा. आपल्याला कंटाळा येतो, लहान मुलांना येत नाही.

शाळेत रोज लागणारी वाक्यं मात्र ॲपच्या भरवशावर सोडू नका. "कॅन आय गो टू द टॉयलेट?", "आय डोन्ट अंडरस्टँड", "कॅन यू से दॅट अगेन?" अशी आठ-दहा वाक्यं, व्याकरण न समजावता, अख्खीच्या अख्खी पाठ करून घ्या. एकदा मूल बाई व्हायचं, एकदा तुम्ही.

आमच्या घरी खरा फरक पडला तो 'स्टोरीवीव्हर'ने. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेली ही साइट फुकट आहे. वाचनाच्या चार पातळ्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत, इंग्रजीतही, चित्रं तीच. रात्री दोन फोन शेजारी ठेवायचे. आधी मराठी पान मी वाचायचो, मग तेच इंग्रजी पान. दुसऱ्या रात्री फक्त इंग्रजी, अडलं तरच मराठी. तिसऱ्या रात्री पुस्तक तिच्या हातात. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे पुढे काय होणार याची धास्ती नसायची, सगळं लक्ष शब्दांवर. एका रात्री मी मुद्दाम एक शब्द गाळला, तर अंथरुणातून उठून तिने तो शब्द बोटाने दाखवला आणि म्हणूनही दाखवला. शाळेत मात्र ती त्यानंतरही तीन आठवडे गप्पच होती.

वाचनाची अडचण वेगळी. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला सवय असते की अक्षर दिसलं की आवाज ठरला. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, त्यामुळे मूल चिडतं, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. लहानांसाठी 'स्टारफॉल' ही साइट बरी आहे. अक्षर दाबलं की त्याचं नाव नाही, आवाज ऐकू येतो. सोबत डॉल्च यादीतले, म्हणजे मुलांच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांच्या यादीतले, २२० शब्द हळूहळू ओळखीचे करा. 'द', 'सेड', 'वॉज' असे शब्द पानोपानी येतात आणि त्यातले बरेच स्पेलिंगप्रमाणे वाचले तर फसतात.

उच्चारांत आपल्या मुलांना काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत. 'बॅट' आणि 'बेट' यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. 'जमीन'मधला 'ज' इंग्रजी 'झू'च्या सुरुवातीच्या आवाजाच्या अगदी जवळ आहे, तिथून त्याला पुढे न्या. घोळ होतो तो 'व'चा. आपण 'व्हॅन' आणि 'वॉच' लिहितो वेगवेगळं, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडून दोन्हीकडे सारखाच 'व' निघतो. मुलाला आरशासमोर उभं करा. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वॉच'ला ओठ गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत. मोठ्या मुलांना 'यूग्लिश' ही साइट दाखवा. शब्द टाकला की तो शब्द जिथे कुणीतरी बोललंय, अशा व्हिडिओंतले तेवढेच तुकडे एकामागून एक लागतात. मी स्वतः मीटिंगच्या आधी ते चोरून वापरतो.

आता ज्या अडचणीबद्दल कुणी सांगत नाही ती. वर्ष-दीड वर्षात मूल मैदानावर फाडफाड बोलायला लागतं आणि आपल्याला वाटतं, झालं. जिम कमिन्स या भाषातज्ज्ञाने १९७९ साली हा फरक मांडला: गप्पांची भाषा वेगळी, अभ्यासाची वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात लागू शकतात. माझ्या लेकीला गणितात प्रश्न आला, 'आठ आणि पाचमधला डिफरन्स काय?' तिने लिहिलं, एक सम आहे, एक विषम. उत्तर चूक. वजाबाकी तिला केव्हाचीच येत होती. 'डिफरन्स' म्हणजे वजाबाकीचं उत्तर, हे माहीत नव्हतं.

इथे मला बालभारती उपयोगी पडली. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, मराठी माध्यमाच्याही आणि इंग्रजी माध्यमाच्याही. एकाच इयत्तेचं गणित किंवा विज्ञान दोन्ही भाषांत उतरवून घ्या आणि तोच धडा समोरासमोर ठेवा. छेद, अंश, परिमिती, बाष्पीभवन हे मुलाला मराठीत समजलेलं असतं, फक्त त्यावर इंग्रजी नाव चिकटवायचं असतं. इतिहास-भूगोलासाठी सिंपल इंग्लिश विकिपीडिया वापरा. विषयाचं मराठी पान उघडायचं, भाषांच्या यादीतून 'सिंपल इंग्लिश'वर जायचं. तिथे वाक्यं छोटी आणि शब्द सोपे असतात. सगळ्या विषयांवर पान सापडत नाही, पण शाळेतल्या बऱ्याच विषयांवर सापडतं.

याच कारणासाठी घरातली मराठी बंद करू नका. कुणीतरी चांगल्या मनाने सांगेल की घरीही इंग्रजीच बोला. आम्हालाही सांगितलं होतं आणि आम्ही महिनाभर ऐकलंही. घरात सगळेच अर्धवट बोलायला लागलो. आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून तिला काही मिळालं नाही, उलट शाळेत काय झालं ते सांगणंही तिने बंद केलं.

मुलं तेरा-चौदाच्या पुढची असतील तर त्यांना झेब्रा-पेंग्विन दाखवू नका, अपमान वाटतो. 'लर्नइंग्लिश टीन्स' किंवा बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' द्या. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवतेय आणि ते कळतं. सहा मिनिटांचा ऑडिओ, खाली पूर्ण मजकूर. आधी नुसतं ऐकायचं, मग मजकूर बघत ऐकायचं. ए-वन, बी-टू असं काही दिसलं तर त्या युरोपात ठरवलेल्या सहा पातळ्या आहेत, सी-टू सगळ्यात वरची. मुलाला जमते त्याच पातळीपासून सुरू करा, फुशारकीत वरची निवडू नका. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी केलेलाच वापरा. लाँगमनच्या अशा कोशात अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच दिलेले आहेत, त्यामुळे एक शब्द शोधताना आणखी चार अडत नाहीत.

भाषांतराचं ॲप तुमच्यासाठी ठेवा, शाळेकडून येणारी पत्रं वाचायला. गृहपाठ त्यातून काढलेला शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो. खातं उघडताना मुलाचं वय खरं टाका. १३ वर्षांखालच्या मुलांसाठी बऱ्याच सेवा पालकांची परवानगी मागतात. वय वाढवून टाकलं तर मुलांसाठी नसलेलंही समोर येतं.

आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलाचं एक मिनिट इंग्रजी फोनवर रेकॉर्ड करा. तेव्हा चुका काढू नका, नुसतं साठवून ठेवा. लेकीचं पहिलं रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. ४१ सेकंदांचं. त्यात एकच वाक्य आहे आणि ते सुरू व्हायच्या आधी बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.