घन पदार्थातील बंध दिशा पाळतो की नाही, हे कसे ओळखावे

घन पदार्थातले अणू एकमेकांना धरून ठेवतात, हे शाळेतच कळते. पण ते कोणत्याही बाजूने धरू शकतात की ठरावीक दिशांनीच, हा प्रश्न सहसा मागे पडतो. हिरा कठीण का, तांबे ठोकून पसरते का आणि बर्फ पाण्यावर तरंगतो का, या तिन्हींचा उलगडा याच प्रश्नापाशी होतो. पदार्थाची स्फटिकरचना हाताशी असेल, तर पुढील क्रमाने हे पडताळता येते.

प्रथम एका अणूचे सर्वांत जवळचे शेजारी मोजावेत. सारख्या आकाराचे गोळे जितके घट्ट रचता येतील तितके रचले, तर प्रत्येकाला १२ शेजारी मिळतात आणि ७४ टक्के जागा भरते. तांबे नेमके असेच रचलेले आहे. गोठलेला आर्गॉनही तसाच, कारण धातुबंध (मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी धातूचे अणू एकत्र धरणारा बंध) आणि व्हॅन डर वाल्स बल (भार नसलेल्या अणूंमधले दुबळे आकर्षण) या दोघांनाही दिशेची फारशी अट नसते. हिऱ्यात मात्र प्रत्येक कार्बनला ४ च शेजारी असतात, त्यांच्यामधला कोन १०९.५ अंश असतो आणि जेमतेम ३४ टक्के जागा भरते. जागा मोकळी असूनही पाचवा शेजारी येत नाही, कारण कार्बनचे बाहेरच्या कवचातले चारही इलेक्ट्रॉन चार दिशांना जोड्या करून बसलेले असतात आणि आणखी कोणाला धरायला काही उरलेले नसते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि चूकही बहुधा इथेच होते. ठरावीक कोन दिसला म्हणजे बंध दिशाबद्ध आहे, असे लगेच मानू नये. मिठात प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड आयन (विद्युतभारित अणू) ९० अंशांवर बसतात, तरीही आयनिक बंधाला, म्हणजे विरुद्ध भारांच्या ओढीला, स्वतःची दिशा नाही. गोल आयनाचा विद्युतभार सर्व बाजूंना सारखाच ओढतो. तो कोन आकारांच्या गुणोत्तरातून येतो. म्हणून लहान आयनाच्या त्रिज्येला मोठ्याच्या त्रिज्येने भागून पाहावे: ०.४१४ ते ०.७३२ या दरम्यान ६ शेजारी अपेक्षित असतात, त्याहून जास्त असल्यास ८, कमी असल्यास ४. मिठात हे गुणोत्तर सुमारे ०.५६ आहे. सोडियमच्या जागी बराच मोठा सीझियम आला की शेजारी ८ होतात, आणि मिठावरच सुमारे ३० गिगापास्कल (हवेच्या दाबाच्या जवळपास तीन लाख पट) दाब दिला तरी तेही ८ शेजाऱ्यांच्या रचनेत जाते. मात्र हा नियम ढोबळ आहे. पोटॅशियम क्लोराइडचे गुणोत्तर ०.७६ च्या आसपास असूनही त्याची रचना मिठासारखीच, ६ शेजाऱ्यांची आहे.

आता पदार्थ ठोकल्यावर काय होते ते पाहावे. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम (भांडी हातोडीने ठोकण्याचे काम) करताना तांब्यावर घाव बसतो, तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि नव्या जागीही तितक्याच सहज बांधले जातात. म्हणून भांडे फुटत नाही, आकार घेते. हिरा घावाने फुटतो, कारण त्याचे बंध वाकवून घेत नाहीत. पण मीठही फुटते, आणि ते वेगळ्या कारणाने: थर सरकताच सारख्या भाराचे आयन समोरासमोर येऊन एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे ठिसूळपणा हा एकटा पुरावा धरू नये.

वितळण्याची परीक्षा अधिक बोलकी आहे. तांबे आणि मीठ वितळल्यावर फुगतात. बर्फ मात्र आक्रसतो: हायड्रोजन बंध (एका रेणूतला हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतला ऑक्सिजन यांच्यातली ओढ) प्रत्येक रेणूभोवती ४ च शेजारी ठेवून मध्ये पोकळ्या राखतात, म्हणून बर्फाची घनता ०.९१७ आणि पाण्याची सुमारे १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. हिऱ्याच्याच रचनेचे सिलिकॉनही वितळल्यावर सुमारे १० टक्के अधिक घनतेचे होते, आणि घन सिलिकॉन स्वतःच्याच द्रवावर तरंगते.

शेवटी, एका पदार्थाला एकच उत्तर असेल असा आग्रह धरू नये. ग्रॅफाइटच्या थरात कार्बनला १२० अंशांवर ३ शेजारी असतात आणि बंध १.४२ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), पक्का दिशाबद्ध असतो. दोन थरांमध्ये मात्र ३.३५ अँगस्ट्रॉम अंतर आणि दुबळे बल असते. झिंक सल्फाइड तर आणखी अवघड आहे. तिथे आकाराचा हिशेबही ४ शेजारी सांगतो आणि सहसंयुज बंधही (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचा, हिऱ्यासारखा बंध) ४ च मागतो, त्यामुळे नुसत्या मोजणीने निकाल लागत नाही. अशा वेळी अणूंच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉनांची दाटी कुठे आहे ते पाहावे लागते, आणि इथे ती बंधाच्या रेषेवर, पण गंधकाकडे झुकलेली आढळते.