वीज नाही तिथे गिटार-कीबोर्डचा ॲम्प बॅटरीवर कसा चालवावा

डोंगरावरचं देऊळ असो की नदीकाठचा घाट, मैफलीला वीज मिळेलच असं नाही. जनरेटर आणला तर त्याची घरघर प्रत्येक हळव्या जागेवर येऊन बसते. बॅटरी आवाज करत नाही. फक्त जोडणी नीट हवी.

सगळ्यात आधी ॲम्पची मागची बाजू बघा. भजनी मंडळांकडे असतात तशा बऱ्याच ॲम्प्लिफायरना 12 व्होल्ट डीसीची जोडणी दिलेली असते. ती असेल तर इन्व्हर्टर घेऊच नका. मध्ये फ्यूज टाका, लाल-काळं उलटं होणार नाही एवढं बघा आणि थेट बॅटरीवर चालवा. बॅटरीचे 12 व्होल्ट 230 करायचे आणि ॲम्पने ते पुन्हा उतरवायचे, यात वीज फुकट जाते.

तशी सोय नसेल तर हिशोब करावा लागतो. ॲम्पवर ठळक छापलेले वॅट असतात ते स्पीकरला मिळणारे. आपल्याला हवा तो आकडा मागे, वायरीच्या सॉकेटजवळ असतो: वीज किती खातो तो. समजा, तिथे 60 वॅट लिहिलंय. इन्व्हर्टरमध्ये साधारण 15 टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीवर भार सुमारे 70 वॅटचा. 12 ने भागा: जवळपास 6 अँपिअर. चार तासांच्या कार्यक्रमाला 24 एएच (अँपिअर-तास, म्हणजे अँपिअर गुणिले तास) लागले. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून दुप्पट, म्हणजे 50 एएच तरी हवी; थोडी राखून 60 एएचची घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर 30 एएच पुरते, आणि उचलायलाही कितीतरी हलकी. गाडीची बॅटरी मात्र स्टार्टर फिरवण्यासाठी असते; रोज खोलवर उतरवली तर ती लवकर मरते. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प कुणी वाजवत नसतानाही हीटरसाठी वीज खात राहतो, तेव्हा त्याचा हिशोब सढळ हाताने करा.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाराच घ्या. इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या विजेत 50 हर्ट्झच्या विषम पटी, म्हणजे 150, 250, 350 हर्ट्झ, भरलेल्या असतात. त्या थेट गाण्याच्याच पट्ट्यात येतात, स्पीकरमधून सतत गुंजन ऐकू येतं आणि ॲम्पचा ट्रान्सफॉर्मरही जास्त तापतो. क्षमता ॲम्पच्या चार-पाच पट ठेवा, कारण ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो. 60 वॅटला 300 वॅटचा इन्व्हर्टर ठीक.

आता वायर. 300 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला 12 व्होल्टवर तीसेक अँपिअर ओढतो, त्यामुळे घरातली बारीक वायर चालणार नाही. 6 चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, लांबी मीटरभर, टोकांना दाबून बसवलेले थिंबल (वायर जोडायची धातूची टोकं). पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतरात 40 अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज टाळू नका; वायर शॉर्ट झाली तर आग तिथूनच लागते.

हातातली अंगठी, कडं काढा. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह जोडा. इन्व्हर्टर चालू करा आणि ॲम्प शेवटी, आवाज शून्यावर ठेवून. बॅटरी मोकळ्या हवेत ठेवा, कारण लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघू शकतो. इन्व्हर्टरमधून बाहेर येणारे 230 व्होल्ट घरातल्याइतकेच जिवावर बेतणारे असतात. वादकाचा हात तारांवर आणि ओठ माईकपाशी असतात, म्हणून ओल्या जमिनीवर, पावसात ही जोडणी नकोच. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, आणि इन्व्हर्टरला अर्थचा स्क्रू असेल तर माहितगार वायरमनकडून जोडून घ्या.

इन्व्हर्टरची शिट्टी वाजेपर्यंत थांबू नका. ती बहुधा साडेदहा व्होल्टच्या आसपास वाजते आणि लेड-ॲसिडसाठी तोवर फार उशीर झालेला असतो. मध्यंतरात भार बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मल्टीमीटर लावा: 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. संपल्यावर ॲम्प, मग इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्ह काढा. आणि घरी पोचलात की त्याच रात्री चार्जिंगला लावा. उतरलेली लेड-ॲसिड तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.