दोन बिल्डिंगमधली लॅन केबल वळवाच्या विजेपासून कशी वाचवायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, कारखाना एकीकडं अन् ऑफिस 60 मीटरवर दुसऱ्या बिल्डिंगीत, मधे साधी कॅट सिक्स, म्हणजे तांब्याची लॅन केबल. मागच्या मे महिन्यात वळीव आला, वीज कुठंतरी लांब पडली, तरी दोन्हीकडचे नेटवर्क स्विच (लॅनच्या केबली जोडायचा डबा) अन् कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर सगळं एका दणक्यात गेलं.

वीज थेट अंगावर पडायलाच लागत नाही ओ. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या तारेत व्होल्टेज उठतं, त्यात दोन बिल्डिंगींची अर्थिंग वेगळी असली की त्या क्षणाला दोन्हीकडच्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो करंट आपल्या केबलमधनंच वाट काढतो. त्यामुळं पाइपात घालून केबल गाडली म्हणजे सुटलो असं अजिबात समजू नका.

खरा उपाय म्हणजे फायबर. काचेतनं करंट जात नाही, विषय संपला. सिंगल मोड (फायबरचा एक प्रकार) घ्या, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर अन् लॅन केबल जोडून देणारा डबा) लावा, स्विचला एसएफपी पोर्ट (फायबरचं मॉड्यूल बसायची खाच) असेल तर नुसतं मॉड्यूल बसवा. फक्त केबल घेताना धातू नसलेलीच मागा, कारण आर्मर्डमध्ये स्टीलचं कवच असतं अन् काही केबलींना लटकवायची तारपण असते, मग परत तेच. उंदरांमुळं आर्मर्डच घ्यावी लागली तर कवच बिल्डिंगीत शिरतानाच अर्थ करा, स्विचपर्यंत नेऊ नका.

तांब्याचीच ठेवायची असेल तर लॅनचा सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेलं व्होल्टेज, म्हणजे सर्ज, अर्थिंगकडं वळवणारा) दोन्ही टोकांना लावा, एकाच बाजूला लावून उपयोग नाही. केबल जिथनं आत येते तिथंच बसवा, अर्थची वायर जाड आणि होईल तेवढी आखूड, अन् ती लाइटच्याच अर्थिंगला जोडा, वेगळा रॉड ठोकून सुटा ठेवू नका. खांबावरच्या कॅमेऱ्याला पीओई (लॅन केबलमधनंच कॅमेऱ्याला वीज देणं) चालणारा प्रोटेक्टर लागतो.

लाइटच्या लाइनमधनं पण सर्ज येतो, त्यासाठी मेन डीबीत (लाइटच्या मुख्य पेटीत) एसपीडी, म्हणजे लाइटच्या लाइनचा सर्ज प्रोटेक्टर, बसवून घ्या, नुसत्या स्पाइक गार्डवर भागत नाही. एसपीडी मार खाऊन खाऊन संपतो, बऱ्याच एसपीडींवर छोटी खिडकी असते, ती हिरव्याची लाल झाली की बदला.

आणि अर्थिंगचा खड्डा! सोलापूरच्या उन्हात माती कोरडी ठणठणीत होते, रेझिस्टन्स वाढतो, आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. एप्रिलपासनंच खड्ड्यात पाणी घालत चला, आणि अर्थ टेस्टरनं मोजणी पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात करून घ्या.