गरोदर सदस्येसाठी बचत गटाने पैशाची सोय कशी करावी

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यातील प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि आवश्यक चाचण्या मोफत आहेत. तरीही कोकणात काजूच्या कारखान्यात रोजावर जाणारी बाई तपासणी टाळते, कारण त्या दिवसाचा रोज बुडतो आणि वाडीपासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या रिक्षाचे पैसे घरात कोणाकडे तरी मागावे लागतात. म्हणून बचत गटाने आखणी करताना बुडणारा रोज आणि प्रवास हे दोन खर्च आधी धरावेत.

दिवस राहिल्याचे कळताच, बारा आठवड्यांच्या आत, आशाताईंमार्फत नोंदणी करावी. ही तपासणी धरून प्रसूतीपर्यंत किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. त्यांच्या तारखा गटाच्या इतिवृत्तात लिहाव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी एका सदस्येने सोबत जावे आणि बुडालेल्या रोजाइतकी रक्कम गटाने बिनव्याजी द्यावी, असा ठराव बैठकीत आधीच करून ठेवावा. कारखान्याच्या हजेरीत आपले नाव रोज लागते की नाही, हेही पाहावे. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरले असेल, तर कायद्याने पगारी मातृत्व रजा मिळते.

खाते मात्र स्त्रीच्या स्वतःच्या नावाचेच हवे. नवरा मुंबईला आणि त्याने पाठवलेले पैसे सासऱ्यांच्या खात्यात, अशी स्थिती असेल, तर कमावत्या बाईलाही सोनोग्राफीला जाण्यासाठी परवानगी मागावी लागते. माझ्या मते खरी अडचण कमाईपेक्षा इथे अधिक आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात मिळतात. लग्नानंतर आधारवर एक आणि बँकेत दुसरे नाव राहिले असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

मासळी विकणाऱ्या सदस्यांची बाब वेगळी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसामुळे प्रवास अवघड होतो. ज्यांचे दिवस तेव्हा भरतात, त्यांच्यासाठी मे संपण्यापूर्वी रक्कम बाजूला काढावी.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास १०८ ला फोन करावा. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णांना अनेकदा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. रुग्णवाहिका मोफत असली, तरी सोबतच्या माणसाचे जेवण आणि परतीचा प्रवास यांसाठी रोख लागते. ती रक्कम मुंबईहून फोन येण्याची वाट न पाहता देण्याचा अधिकार अध्यक्ष व सचिव यांना ठरावानेच द्यावा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या सदस्येने माता-बाल संरक्षण कार्ड आणि बँकेचे पासबुक स्वतःजवळ ठेवावे, आणि तिथल्या आशाताईंना पोहोचताच कळवावे.