सोलापुरात समुद्राचा मासा घेताना काय काय बघायचं

सोलापुरात कुठाय समुद्र, असं म्हणून सोडून देऊ नका. रविवारी बर्फातनं येणारं पापलेट-सुरमई आपणच घेतो ना, आणि आपण पिल्लं घेतो म्हणूनच तिकडं पिल्लं पकडली जातात.

तर पापलेट आधी हातावर ठेवून बघा. महाराष्ट्रात सिल्व्हर पापलेट १३५ मिमीपेक्षा लहान पकडायला मनाई आहे, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. घरी पट्टीवर आपला पंजा एकदा मोजून ठेवा, मनगटापासनं कुठल्या पेरापर्यंत तेवढं भरतं ते लक्षात राहतं. मागं मी स्वस्त मिळाले म्हणून किलोत तीसेक बसणारे घेतले होते, साफ करायला बसले तर एकेक बिस्किटाएवढा, एकदाही अंडी न घातलेली पिल्लं ती. घास उतरला नाही हो. आणि २०२३ साली हाच आपला राज्यमासा झालाय!

पण लहान दिसलं की पिल्लूच असं नाही हं. जवळा आणि मांदेली जातीनंच बारीक, ते बिनधास्त घ्या. मुशी, म्हणजे छोटा शार्क, मात्र मी बंद केलीये, तिला पिल्लं कमी होतात आणि वाढतातही हळू.

दुसरं, विचारा. "मावशी, सुरमई गळाची का जाळ्याची?" दरवेळी उत्तर मिळेल असं नाही पण विचारत राहा. ट्रॉलरचं, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीचं, जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं, तळावरचे जीव, पिल्लांच्या लपायच्या जागा सगळं उद्ध्वस्त, त्यात जाळ्याचा आस, म्हणजे भोक, बारीक असला की हाताला लागेल ते वर येतं आणि जे खायला चालत नाही त्याची कुटी होऊन कोंबडीखाद्यात जाते. एलईडी लावून मासेमारी तर त्याहून वाईट, उजेडाला अख्खा थवा गोळा होतो, मोठे-लहान सगळे एका फेऱ्यात साफ. २०१७ पासनं त्यावर बंदी आहे, तरी चोरून चालतेच.

तिसरं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, बऱ्याच माशांचा तो अंडी घालायचा काळ. तेव्हा ताजी सुरमई मागूच नका. आपल्या उजनीची चिलापी घ्या, रोहू घ्या, मरळ मिळाली तर सोडू नका. तिथंही बोटाएवढी पिल्लं वाट्यात दिसली तर तो वाटा परत ठेवा, आणि का ठेवला ते मावशीला सांगा.