व्याख्यानांचे रोजचे श्रुतलेखन आणि माझे वाया गेलेले चार महिने

चार महिने मी रोज एका इंग्रजी व्याख्यानाचे श्रुतलेखन करत होते. दोन वह्या भरल्या, पानावरच्या लाल खुणा कमी कमी होत गेल्या, आणि पाचव्या महिन्यात प्रत्यक्ष वर्गात बसले तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आले की प्राध्यापकांचे निम्म्याहून अधिक बोलणे मला कळत नाही. शब्द ओळखीचे होते, विषयही वाचून आलेला होता. पण एक वाक्य उलगडेपर्यंत पुढची दोन वाक्ये निघून जात होती. वहीत जवळजवळ बिनचूक लिहिणारी मीच का, असा प्रश्न त्या दिवशी पडला. ज्यांनी हा सराव नुकताच सुरू केला आहे त्यांच्यापैकी बरेच जण याच खड्ड्याकडे निघालेले असतात, म्हणून तो मी जरा विस्ताराने सांगते.

शाळेतले श्रुतलेखन आठवून पाहा. बाई तीन-चार शब्द वाचत, थांबत, तेच शब्द पुन्हा वाचत, स्वल्पविरामसुद्धा सांगत, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाने मान वर केल्याशिवाय पुढे जात नसत. ते श्रुतलेखन शुद्धलेखन तपासण्यासाठी होते. ऐकण्याची परीक्षा त्यात नव्हतीच. मी मात्र नकळत तीच पद्धत व्याख्यानाला लावली. तीन शब्द ऐकायचे, ध्वनिफीत थांबवायची, लिहायचे. कळले नाही तर मागे जायचे, पुन्हा मागे जायचे, आणि सातव्या-आठव्या वेळी शब्द जागेवर बसला की समाधानाने पुढे सरकायचे. पाच मिनिटांच्या उताऱ्याला दीड तास लागे, आणि त्या दीड तासाचा मला अभिमान वाटे.

यात दोन गोष्टी बिघडत होत्या. पहिली अशी की व्याख्याता साधारणपणे मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच, आणि त्याचे वाक्य पुष्कळदा वीस-पंचवीस शब्दांचे असते. दर तीन शब्दांनी थांबणाऱ्या कानाला वाक्याचा आरंभ मनात धरून शेवटाची वाट पाहण्याची वेळ कधी येतच नाही. वर्गात नेमके तेच करावे लागते. दुसरी गोष्ट अधिक फसवी होती: जे ऐकू येत नव्हते ते माझे व्याकरण भरून काढत होते. ‘व्हॉट आय वुड हॅव एक्स्पेक्टेड टू सी’ हा तुकडा घ्या. बोलताना तो ‘वॉडायडव इक्स्पेक्टिड ट सी’ असा काहीसा येतो. त्यातला ‘हॅव’ मला ऐकू येत नव्हता. पण ‘वुड’ आणि ‘एक्स्पेक्टेड’ यांच्यामध्ये ‘हॅव’ येणार हे मला शाळेपासून माहीत होते, म्हणून मी तो लिहून टाकत असे, आणि प्रतिलेखाशी, म्हणजे व्याख्यानाच्या शब्दशः लिहिलेल्या मजकुराशी, ताडून पाहताना बरोबरची खूण करत असे. ती खूण व्याकरणाला मिळालेली होती. कान होता तिथेच होता.

हे कळल्यावर मी दोन शाया वापरायला लागले, खरे तर एक शाई आणि एक पेन्सिल. जे स्पष्ट ऐकू आले ते शाईने, आणि जे ‘असेच असणार’ म्हणून लिहिले ते पेन्सिलीने. पहिल्या दिवशी सुमारे दोनशे शब्दांच्या पानावर साठाहून अधिक शब्द पेन्सिलीचे निघाले, आणि त्यांत अवघड पारिभाषिक शब्द जेमतेम चार होते. बाकी सारे ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘टू’, ‘देम’, ‘बीन’, ‘अॅज’ असे किडूकमिडूक. चार महिने मी शब्दसंग्रह वाढवण्याच्या मागे होते आणि माझी गळती सगळी दोन-तीन अक्षरी शब्दांतून होत होती.

असे का होते, हे मराठी बोलणाऱ्याला समजायला फार अवघड नाही. आपणही ‘सरकार’ लिहितो आणि ‘सर्कार’ म्हणतो, ‘करतो’ लिहून ‘कर्तो’ म्हणतो. लिहिलेला स्वर गिळणे आपल्याला नवे नाही. फरक इतकाच की आपल्याकडे उरलेली अक्षरे साधारण सारख्या वजनाने उच्चारली जातात, तर इंग्रजीत नाम, मुख्य क्रियापद, विशेषण यांच्यावर जोर पडतो आणि त्यांना जोडणारे छोटे शब्द त्या जोरांच्या मध्ये चेपले जातात. ‘अॅण्ड’चा नुसता ‘न्’ उरतो, ‘ऑफ’चा ‘अव’ किंवा तोही नाही. आपला कान प्रत्येक शब्दाचा पूर्ण उच्चार शोधत बसतो आणि तो कधी येतच नाही.

व्याकरण प्रत्येक वेळी वाचवते असेही नाही. मेंदूवरच्या एका व्याख्यानात मी लिहिले होते की परिपक्व चेतापेशी विभाजित होऊ शकतात. वक्ता म्हणाला होता, होऊ शकत नाहीत. ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतला शेवटचा ‘ट’ ऐकायला मी बसले होते, आणि अमेरिकी उच्चारात तो पुष्कळदा ओठांबाहेर पडतच नाही. ऐकायचा असतो तो स्वर. होकारार्थी ‘कॅन’ वाक्यात चेपून ‘क्न’ होतो, नकारार्थी ‘कॅन्ट’ आपला ‘कॅ’ पूर्ण ठेवतो आणि जोरही घेतो. म्हणून वाक्याच्या मध्ये ‘कॅ’ ठसठशीत ऐकू आला, तर नकाराची शक्यता आधी धरावी. वक्ता मुद्दाम जोर देऊन ‘होऊ शकते’ म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतही शेवटचा ‘न’ शोधू नये, जोर कुठल्या अक्षरावर आहे ते पाहावे.

आता मी सराव कसा करते ते सांगते. उतारा दीड मिनिटाचा, त्याहून मोठा नाही. पहिल्यांदा लेखणी खाली ठेवून सलग ऐकते आणि वक्ता काय म्हणाला हे एका मराठी वाक्यात स्वतःला सांगते. ते सांगता आले नाही, तर त्या दिवशीचा उतारा बदलते. दुसऱ्या वेळी लिहिते, पण वक्ता जिथे श्वास घेतो तिथेच थांबवते, मग तो तुकडा बारा शब्दांचा का असेना. तिसऱ्या वेळी गाळलेले भरते. चौथी वेळ नाही. जे राहिले ते रिकामे राहते, आणि ही रिकामी जागा सोडणे मला सर्वांत जड गेले. नंतर प्रतिलेख उघडते, पेन्सिलीचे शब्द तपासते, आणि दुसऱ्या दिवशी नवा उतारा घेण्याआधी कालचा उतारा कागद न पाहता एकदा ऐकते. सगळे मिळून चाळीस मिनिटे. शुद्धलेखनाच्या चुका मी मोजत नाही.

साहित्याची टंचाई नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 2001 साली आपले अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली, येल विद्यापीठाने 2007 मध्ये संपूर्ण अभ्यासक्रमांची व्याख्याने प्रतिलेखांसह मोफत ठेवली. माझा बहुतेक सराव या दुसऱ्या संग्रहावर झाला आहे. बीबीसीची रीथ व्याख्याने 1948 पासून चालू आहेत, पहिली बर्ट्रांड रसेल यांनी दिली होती, आणि ती भारदस्त आहेत. पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती बहुधा लिहून आणून वाचलेली असतात. वर्गातला प्राध्यापक वाक्य अर्ध्यावर सोडतो, ‘लेट मी बॅक अप’ म्हणत मागे जातो, फळ्याकडे वळतो तेव्हा आवाज बुडतो, आणि तुम्हाला ऐकायचे आहे ते हेच. प्रतिलेखांत अशी अडखळ पुष्कळदा गाळून टाकलेली असते, तेव्हा तुमच्या वहीत ‘द द रिझन’ आणि तिथे नुसते ‘द रिझन’ असेल, तर तुमची वही बरोबर आहे. यंत्राने आपोआप केलेली उपशीर्षके मात्र उत्तरपत्रिका म्हणून वापरू नका. विशेषनामे आणि पारिभाषिक शब्द आले की ती खुशाल भलतेच काही लिहितात, आणि नवशिक्या आपल्या बरोबर कानाला चूक ठरवतो.

गती कमी करून ऐकण्याबद्दल विचारले जाते. एखादा तुकडा अडला तर एकदा करावी. पण तीच सवय ठेवली तर कान अशा इंग्रजीला तयार होतो जे कोणीच बोलत नाही. मला एका मार्गदर्शकांनी सांगितले होते की भरपूर चित्रपट पाहा, कान आपोआप उघडेल. मी ते वर्षभर केले. उपशीर्षके वाचण्याचा वेग वाढला, एवढेच झाले. ‘एकवीस दिवसांत अस्खलित’ असे म्हणून पैसे मागणाऱ्यांविषयी मी लिहीत नाही, कारण मीही एकदा भरले आहेत.

आयईएलटीएस किंवा पीटीईसारखी इंग्रजीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर हा सराव सुरू करू नका. त्या परीक्षेच्या नमुन्याचेच सराव करा. आयईएलटीएसमध्ये सुमारे तीस मिनिटांत चाळीस प्रश्न असतात, प्रत्येक ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, आणि चौथ्या भागात एकट्या वक्त्याचे शैक्षणिक विषयावरचे बोलणे असते. पीटीई अकॅडमिकमध्ये तर ऐकलेले वाक्य जसेच्या तसे लिहिण्याचाच प्रश्न आहे, तोही एकदाच ऐकून. थांबवून मागे जाण्याची सवय असलेल्याचे हात तिथे कळफलकावर नुसतेच थांबतात.

वेळ असेल तर मात्र धीर धरा. पेन्सिल हाती घेतल्यावर पहिले काही आठवडे आपण मागे गेलो असे वाटते, कारण आधीची पाने खोटी बिनचूक होती. मी त्या दिवसांत दोनदा वही बंद करून ठेवली होती. तिसऱ्या महिन्याच्या आसपास एका व्याख्यानात हातातली लेखणी थांबली तरी कान पुढे चालत राहिला. वाक्य संपले तेव्हा त्याचा आरंभ मला अजून आठवत होता. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, अर्ध्या मिनिटाचाच उतारा घ्या. माझ्या पानांवर आता पेन्सिलीचे शब्द दहा-बाराच्या वर जात नाहीत. पण ‘दॅन’ आणि ‘देन’ मात्र बहुतेक वेळा मला अजूनही पेन्सिलीनेच लिहावे लागतात.